नियंत्रकांना सांघिक कामाचे शिक्षण द्यावे काय?

पावसाळा सरल्यावर एखाद्या निरभ्र रात्री महाडात गच्चीवर उभे राहा. थोडा वेळ थांबलात तर ताऱ्यांमधून लुकलुकत सरकणारा एक दिवा दिसेल. मुंबईहून गोव्याकडे किंवा त्याच्याही पलीकडे दक्षिणेला निघालेले ते विमान. त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर मिनिटाला १५ किलोमीटर झाले. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर महाड ते पोलादपूर हे अंतर सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटर भरते. एस.टी.ला या प्रवासाला अर्धा तास लागतो; विमानाला पाऊण मिनिट पुरते. आता समजा, पोलादपुरावरून त्याच उंचीवर, त्याच वेगाने दुसरे विमान समोरून आले. दोघांमधले अंतर मिनिटाला ३० किलोमीटरने कमी होणार. टक्कर व्हायला किती सेकंद लागतील हे गणित तुम्हीच करा.

अशी टक्कर होत नाही, कारण दोघांनाही जमिनीवरून कोणीतरी पाहत असते. ते म्हणजे विमान वाहतूक नियंत्रक. रडारच्या टप्प्यातल्या दोन विमानांत साधारणपणे १००० फूट उभे अंतर, नाहीतर ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर आडवे अंतर राखायचे, हे त्यांचे काम.

आमच्या वर्गातल्या एका मुलीला नियंत्रक व्हायचे आहे. त्यासाठी पदार्थविज्ञान व गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, हे तिने आधीच शोधून काढले होते. पुढचे शिक्षण प्रयागराजच्या नागरी विमानोड्डाण प्रशिक्षण महाविद्यालयासारख्या ठिकाणी होते, हेही तिला ठाऊक होते. पण या लोकांना ‘मिळून काम कसे करावे’ हेसुद्धा शिकवतात असे कुठेतरी वाचून ती गोंधळली होती. तिने विचारले, “सर, ते का शिकवायचे असते? भांडू नका म्हटले की झाले!”

मी हसलो खरा. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोठमोठ्या माणसांनीही तो विचारलेला आहे. शिवाय या प्रश्नाचा आपल्या सावित्री नदीशीही संबंध आहे. तिकडे शेवटी येऊ.

नियंत्रक म्हटला की उंच मनोऱ्यात काचेआड एकटाच बसलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात एक विमान अनेक हातांतून जाते. धावपट्टीवर असताना ते मनोऱ्याच्या ताब्यात असते. उडाल्यावर विमानतळाभोवतीचा परिसर सांभाळणाऱ्या दुसऱ्या नियंत्रकाच्या. आणि उंच गेल्यावर लांबच्या मार्गांवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्याच्या. हे आकाशही विभागांत वाटलेले असते. गर्दीच्या विभागावर बहुधा दोघे बसतात. एक वैमानिकांशी बोलतो, दुसरा शेजारच्या विभागांशी. पाळी बदलताना उठणारा माणूस बसणाऱ्याला सगळी परिस्थिती समजावून देतो. थोडक्यात, हा खो-खो आहे. पळणारा कितीही चपळ असो, खो नीट दिला गेला नाही तर डाव फुकट जातो.

बरे, बोलणे तरी कसे? नियंत्रक सूचना देतो, वैमानिक ती तशीच्या तशी परत म्हणतो, आणि नियंत्रक ते परत म्हणणे कान देऊन ऐकतो. पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांना कळतात. घात होतो तो तिसऱ्या पायरीवर. आपण जे ऐकायची अपेक्षा करतो तेच कानाला ऐकू येते. वैमानिकाने चुकीचा आकडा म्हटला तरी दमलेला नियंत्रक ‘बरोबर’ म्हणून मोकळा होतो. म्हणून आकडे एकेक अंक सुटा करून बोलतात. इंग्रजीतला ‘नाइन’ हा अंकसुद्धा ‘नाइनर’ असा उच्चारतात. आपल्या मराठीत तर हे दुखणे फारच आहे. टेलिफोनवर खरखर चालू असताना त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक ओळखून दाखवा बरे!

सांघिक शिक्षणाची कल्पना निघाली ती एका भयंकर अपघातानंतरच्या चर्चेतून. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुके होते. डच कंपनीचे एक जंबो जेट धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणाच्या तयारीत उभे होते आणि अमेरिकन कंपनीचे दुसरे जंबो जेट त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होते. मनोऱ्यातून दोन्ही दिसत नव्हती. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. डच विमानाने आपण उड्डाण करीत असल्याचे अर्धवट शब्दांत कळवले. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला आणि मग ‘थांबा’ म्हणाला. त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे सांगू लागला. विमानांचे रेडिओ एकाच कंप्रतेवर बोलत असतात. दोघे एकदम बोलले की दोन वाहक लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या कंप्रतांतील बारीक फरकाएवढ्या कंप्रतेची शिट्टी ऐकू येते. डच विमानात ‘ओके’ तेवढे स्वच्छ ऐकू आले. पुढचे शब्द त्या शिट्टीत बुडाले.

तरीही एक संधी होती. त्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. दुसरे विमान अजून बाजूला झाले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तानाने ‘झाले आहे’ असे ठासून सांगितले. कप्तान साधासुधा नव्हता. कंपनीतील वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ अधिकारी होता. इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानांतील मिळून ५८३ माणसे मेली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करीत आकाशात घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधन उतरत चालल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते. ते कप्तानाच्या डोक्यात शिरेल इतक्या जोराने कोणी सांगितले नाही. यंत्र ठीक, माणसे हुशार, तरी अपघात! मग १९७९ मध्ये ‘नासा’ने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली आणि १९८१ पासून वैमानिकांना असे शिक्षण देण्याची सुरुवात अमेरिकेतील एका कंपनीने केली. युरोपात ‘युरोकंट्रोल’ या संघटनेने १९९० नंतरच्या दशकात नियंत्रकांसाठी त्याच धर्तीचा अभ्यासक्रम आखला. कनिष्ठाने शंका कशी बोलून दाखवावी, ज्येष्ठाने ती कशी ऐकावी, आपल्यावर ताण वाढला हे शेजाऱ्याला कधी सांगावे, पाळी बदलताना काय काय सांगायलाच हवे, अशा गोष्टी त्यात येतात.

आता विरुद्ध बाजू पाहू. ती दुबळी मुळीच नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर झाली आणि ३४९ लोक ठार झाले. दिल्लीहून उडालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांची उंची दिलेली होती, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांची. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून विमान येत असल्याची सूचनाही दिली होती. तरी ते विमान आपली उंची सोडून खाली आले. नियंत्रकाचे कुठे चुकले? त्याच्या पडद्यावर विमानाची जागा दिसत होती; उंची दाखवणारे दुय्यम रडार तेव्हा तेथे वापरात आलेले नव्हते. येण्याचा आणि जाण्याचा मार्गही एकच होता. अशा नियंत्रकाला सांघिक शिक्षणाची दहा प्रमाणपत्रे दिली असती, तरी त्या संध्याकाळी त्यांचा काय उपयोग होता? त्याला हवे होते चांगले रडार. पुढे तेच आले, आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारे यंत्र बसवणे आपल्या देशात सक्तीचे झाले. (कझाक विमानाच्या आत मात्र संघाचा प्रश्न होताच. नियंत्रकाशी बोलणारा रेडिओवाला वेगळा होता आणि उंचीचा काटा पाहायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे.)

दुसरे उदाहरण त्याहून बोचरे आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील यूबरलिंगेन गावावर दोन विमानांची टक्कर झाली. ७१ जण गेले. त्यांत बहुतेक रशियन शाळकरी मुले होती. तो भाग स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नियंत्रकाकडे होता. पाळीवर दोघे होते. पण रात्री गर्दी कमी म्हणून एकाने विश्रांती घ्यायची, ही तेथील जुनी वहिवाट होती आणि वरिष्ठांना ती चालत होती. राहिलेला एकटा नियंत्रक दोन पडद्यांवर काम करीत होता. दुरुस्तीसाठी रडारची धोक्याची सूचना दाखवणारी सोय बंद, आणि मुख्य टेलिफोनही बंद. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या माणसांना टक्कर होणार हे दिसत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केले. ते लागले नाहीत. दुसऱ्याच्या ताब्यातील विमानाशी थेट बोलायचे नाही असा नियम असल्याने ते नुसते पाहत राहिले.

येथे संघ होता कुठे? एक माणूस झोपायला पाठवलेला, दुसऱ्याचा फोन मुका. संघच नसेल तर सांघिक शिक्षण कोणाला देणार? माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. माणसे कमी, यंत्रे जुनी, आणि वर्षातून दोन दिवस व्याख्याने देऊन ‘आम्ही सर्वांना प्रशिक्षित केले आहे’ अशी नोंद करून ठेवायची! मग अपघात झाला की दोष पुन्हा त्या खुर्चीतल्या माणसावर. हे शिक्षण जेथे माणसांच्या जागी दिले जाते तेथे ते नसलेले बरे.

आणखी एक अडचण शास्त्रीय आहे. एखादे औषध गुणकारी आहे की नाही हे आपण रोगी मोजून ठरवतो. येथे काय मोजणार? विमानांच्या टकरी इतक्या विरळ आहेत की शिक्षणापूर्वी किती आणि शिक्षणानंतर किती, या तुलनेतून काहीच हाती लागत नाही. त्याच काळात रडार सुधारले, विमाने सुधारली, टक्कर टाळणारी यंत्रे आली. श्रेय कोणाला द्यायचे? अभ्यासकांना एवढे आढळले आहे की शिकलेल्यांची मते बदलतात आणि सरावाच्या सिम्युलेटरमध्ये त्यांची वागणूकही सुधारते. अपघात कमी झाले ते याच शिक्षणामुळे, असे मात्र ठामपणे कोणी दाखवून दिलेले नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

मग मी या शिक्षणाच्या बाजूने का?

कारण टेनेरिफच्या त्या फ्लाइट इंजिनिअरचे गप्प बसणे कोणत्याही रडारने दुरुस्त झाले नसते. ज्येष्ठांपुढे शंका बोलून दाखवणे ही स्वभावाची गोष्ट आहे असे आपण समजतो. ती सवयीची गोष्ट आहे, आणि सवय सरावाने लागते. आपल्याकडे तर हा सराव अधिकच हवा. घरात मोठ्यांना उलट बोलू नये, वर्गात सरांची चूक दाखवू नये, कचेरीत साहेबांना ‘पुन्हा सांगा’ म्हणू नये, असे आपण लहानपणापासून शिकत आलो. शिवाय शाळेत आपण प्रत्येकाला एकेकट्याने परीक्षेला बसवतो. शेजाऱ्याला विचारले तर त्याला कॉपी म्हणतो. पंधरा वर्षे असे शिकलेल्या मुलाला एक दिवस अचानक नियंत्रकाच्या खुर्चीत बसवून ‘आता शेजाऱ्याला विचारत जा’ म्हटले, तर त्याला ते जमेल कसे? शिक्षक मित्रांनी यावर जरूर विचार करावा.

मात्र शिक्षण कोणते, हे महत्त्वाचे. गोलात खुर्च्या मांडून खेळ खेळणे आणि फळ्यावर ‘एकी हेच बळ’ लिहिणे, याला मी शिक्षण म्हणत नाही. ज्या सहकाऱ्यांबरोबर रोज काम करायचे त्यांच्याचबरोबर, आपल्याच केंद्रातली ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकत, सिम्युलेटरवर मुद्दाम फोन बंद पाडून, ज्येष्ठाला मुद्दाम चूक करायला लावून आणि कनिष्ठाने ती दाखवली की नाही हे पाहून जे होते, ते शिक्षण. खर्च म्हणाल तर रडारच्या मानाने तो नगण्य आहे. आणि टकरी मोजता येत नसल्या तरी परत म्हणताना झालेल्या चुका, त्यांतल्या पकडलेल्या किती आणि सुटलेल्या किती, हे मोजता येते.

या गोष्टी परक्या देशांतल्या म्हणून सोडून देण्याजोग्या नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि आपल्या रायगड जिल्ह्यात मोठा विमानतळ आला. जुना मुंबई विमानतळ आणि हा नवा, यांत सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. उतरणीला लागलेले विमान ते तीन-साडेतीन मिनिटांत तोडते. एवढ्याशा आकाशात दोन विमानतळांची ये-जा सांभाळायची तर खो देणे-घेणे किती वाढणार, याचा अंदाज करा.

आता सावित्रीकडे. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, आणि काळ व गांधारी या नद्यांचे पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीला मिळते. खाली भरती असेल तर पुराचे पाणी महाडातच तुंबते. म्हणजे डोंगरावर पाऊस पडला की पाणी आधी पोलादपूरकर पाहतात आणि मग महाडकर. विमान जसे एका विभागातून दुसऱ्याकडे सोपवले जाते तसा पूर वरून खाली सोपवला जातो. मधल्या काळात जो निरोप जातो, त्यावर बाजारपेठेतला माल आणि माणसे वाचणार की नाही हे ठरते. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर धरतात. निरोपात तो आकडा ‘सहा पाच’ गेला की ‘पाच सहा’, हे कोणी परत म्हणून पाहतो काय?

२२ जुलै २०२१ चा दिवस येथल्या कोणाला विसरता येणार नाही. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. महाड पाण्यात गेले. वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. तळियेला मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. येथेही यूबरलिंगेनसारखेच झाले. ज्यांना दिसत होते त्यांचा आवाज पोहोचत नव्हता. तेव्हा पहिली मागणी साधनांची: फोन बंद पडले तरी चालणारे बिनतारी संच, पाऊसमापक, आणि रात्रपाळीला एकाऐवजी दोन माणसे. ती पुरी न करता कोणी प्रशिक्षणाचे गोडवे गाऊ लागला तर त्याला यूबरलिंगेनची गोष्ट सांगावी.

पण साधने आल्यावर सराव हवाच. आपत्तीच्या रंगीत तालमी मी अनेक पाहिल्या आहेत. त्या भर उन्हात, आधी वेळ ठरवून, पाहुणे आल्यावर सुरू होतात, आणि एकाच गावाच्या हद्दीत संपतात. पूर मात्र रात्री येतो आणि हद्द ओलांडून येतो. माझी सूचना अशी की जून महिन्यात एका रात्री, मोबाइल बाजूला ठेवून, पोलादपूर ते महाड अशी निरोपाची तालीम व्हावी. वरचा सांगेल, खालचा परत म्हणेल, वरचा ‘बरोबर’ म्हणेल, आणि मगच निरोप पोहोचला असे धरावे. दरीत उतरणारी बचाव पथके दोरावर असेच करतात. खालच्याने ‘सोडा’ म्हटले की वरचा तोच शब्द परत उच्चारतो, आणि मग दोर सैल सोडतो. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जण गेले, तेव्हा त्या खोल दरीत अशीच गिर्यारोहक मुले दोराने उतरली होती. त्यांना हे कोणी दोन दिवसांच्या व्याख्यानात शिकवलेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी कड्यांवर दोर बांधून ती ते शिकली होती.

तालीम होईल तेव्हा होईल. तुम्ही शाळेत एक प्रयोग आजच करू शकता. सहा-सहा मुलांचे दोन गट करा. दोघांनाही पाच आकडे आणि दोन गावांची नावे असलेला सारखाच निरोप द्या व तो पहिल्यापासून सहाव्यापर्यंत तोंडी पोहोचवा. मागे पत्र्यावर पावसासारखा आवाज करीत राहा. पहिल्या गटाने निरोप नुसता पुढे सांगायचा. दुसऱ्या गटात प्रत्येकाने तो परत म्हणून दाखवायचा. मग दोन्ही गटांची अदलाबदल करून नवा निरोप द्या, म्हणजे एका गटातली मुले मुळातच हुशार होती असे कोणी म्हणणार नाही. असे निदान दहा वेळा करा. चुका किती झाल्या आणि वेळ किती लागला, दोन्ही लिहून ठेवा. परत म्हणण्याला वेळ लागतो, तो किती हेही कळायला हवे. शेवटच्या दोन खेपांत एका कनिष्ठ मुलाला गुपचूप सांगून ठेवा की गटप्रमुख मुद्दाम चुकीचा आकडा सांगेल. तो मुलगा बोलतो की गप्प बसतो, ते पाहा. आकडे आम्हाला जरूर कळवा, आणि चूक कोणत्या क्रमांकाच्या मुलापाशी झाली ते लिहायला विसरू नका.